९७३ या आकड्याच्या पोटात काय आहे: लोकसंख्या-गटांची वय आणि लिंगानुसार तुलना कशी करावी

गोव्याचे लिंग-गुणोत्तर किती, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ७,३९,१४० पुरुष आणि ७,१९,४०५ स्त्रिया मोजल्या गेल्या, म्हणजे दर हजार पुरुषांमागे ९७३ स्त्रिया. अडचण यानंतर सुरू होते. हा आकडा केरळच्या १०८४ शेजारी ठेवला की गोवा मागे पडलेला दिसतो, देशाच्या ९४३ शेजारी ठेवला की पुढे गेलेला दिसतो, आणि दोन्ही वेळा तुलना करणाऱ्याच्या हाती खरे म्हणजे फारसे काही लागलेले नसते. कारण ९७३ मध्ये अंगणवाडीतली मुले आहेत, वास्कोच्या बंदरावर कामाला आलेले तरुण आहेत, आणि सासष्टीतल्या मोठ्या घरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रियाही आहेत. या तिन्हींच्या संख्येमागची कारणे वेगळी आहेत आणि एका आकड्यात ती एकमेकांना झाकून टाकतात.

पंचायतीचा आराखडा करणारे, प्रबंधाची तयारी करणारे आणि वर्तमानपत्रासाठी लिहिणारे जे नवखे अभ्यासक या आकड्यांकडे प्रथमच वळत आहेत, त्यांच्यासाठी ही पायऱ्यांची मांडणी केली आहे. त्यासाठी संगणकावरचे साधे एक्सेल पुरते.

पहिली पायरी: गट कोणाचा, हे आधी ठरवा

तुलना तालुक्यांची असो, धर्मांची असो, अनुसूचित जमाती आणि इतरांची असो की ग्रामीण आणि शहरी लोकांची असो, त्या गटात कोणाला धरले आहे आणि कधीपासून धरले आहे, हे कागदावर लिहून काढल्याशिवाय एकही भागाकार करू नये. उमेदवारीच्या काळात मी एका टिपणात गोव्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या २००१ मध्ये ५६६ आणि २०११ मध्ये १,४९,२७५ असल्याचे लिहिले होते आणि खाली "अभूतपूर्व वाढ" असा शेराही मारला होता. वरिष्ठांनी तो कागद काही न बोलता माझ्यासमोर परत सरकवला. वाढ अर्थातच झालेली नव्हती. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांचा जमातींच्या यादीत समावेश २००३ च्या सुरुवातीला झाला आणि त्यामुळे जी माणसे आधीपासून इथेच राहत होती ती २०११ च्या तक्त्यात नव्या रकान्यात आली. यादी बदलली की गटाची वयरचना आणि लिंगरचनाही बदलते, म्हणून अशा गटाची तुलना काळानुसार न करता एकाच वर्षातल्या दुसऱ्या गटाशी करणे शहाणपणाचे ठरते.

ती करतानाही एक चूक नेहमी होते. अनुसूचित जमातींमध्ये २०११ साली ७२,९४८ पुरुष आणि ७६,३२७ स्त्रिया होत्या, गुणोत्तर १०४६. हे राज्याच्या ९७३ शी ताडून पाहण्याचा मोह होतो, पण ९७३ मध्ये हा गट स्वतःच मिसळलेला आहे. राज्याच्या एकूण आकड्यांतून तो वजा करावा. मग ६,६६,१९२ पुरुष आणि ६,४३,०७८ स्त्रिया उरतात आणि गुणोत्तर ९६५ येते. खरी तुलना १०४६ आणि ९६५ यांची आहे. गट जितका मोठा, तितकी ही वजाबाकी महत्त्वाची.

दुसरी पायरी: कोण मोजले गेले आणि कोण सुटले

जनगणनेत माणूस जिथे नेहमी राहतो तिथे मोजला जातो, परंतु गणनेच्या पूर्ण काळात, म्हणजे २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत, जो सबंध वेळ घरापासून दूर होता त्याची नोंद त्या घरी होत नाही. गोव्याच्या संदर्भात या एका नियमाचे वजन फार आहे. जहाजावर गेलेला तारवटी, आखातात नोकरीला असलेला मुलगा किंवा पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेला भाऊ घरच्यांच्या बोलण्यात रोज असतो, पण तक्त्यात नसतो. याउलट बांधकामावरचा मजूर, हॉटेलातला कर्मचारी आणि नौदलाच्या वसाहतीतला जवान हे तक्त्यात असतात. म्हणून तालुक्यातील कामाच्या वयातल्या पुरुषांची संख्या ही जन्म-मृत्यूंपेक्षा बंदर, बांधकाम आणि परदेशची वाट यांवर जास्त ठरते.

दुसरा स्रोत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत गोव्याचे लिंग-गुणोत्तर १०२७ आले. जनगणनेतील ९७३ आणि हे १०२७ शेजारी ठेवून दहा वर्षांत स्त्रिया वाढल्याचे अनुमान काढणारे पुष्कळ लेख तेव्हा वाचायला मिळाले. परंतु हे सर्वेक्षण नमुन्यातील घरांचे असते आणि आदल्या रात्री घरात झोपलेल्या माणसांवरून ते गुणोत्तर काढते. कामगारांच्या बराकी, वसतिगृहे आणि छावण्या त्यात येत नाहीत. दोन वेगळ्या चाळण्यांतून गाळलेले धान्य एका मापाने मोजता येत नाही.

आणखी एक गोष्ट लिंगाच्या रकान्याबद्दल. २०११ मध्ये स्त्री आणि पुरुष यांखेरीज "इतर" असा तिसरा पर्याय प्रथमच होता आणि देशभरात सुमारे ४.८८ लाख लोकांची नोंद त्यात झाली, पण बहुतेक प्रकाशित तक्त्यांत ही संख्या पुरुषांमध्ये मिळवलेली आहे. राज्याच्या गुणोत्तरावर त्याने फारसा फरक पडत नाही. तरी तळटीपेत ते सांगणे हे प्रामाणिकपणाचे आहे.

तिसरी पायरी: योग्य तक्ता उचला

जनगणनेच्या संकेतस्थळावर "सी" मालिकेतील तक्ते असतात. सी-१३ मध्ये एकेका वर्षाचे वय, सी-१४ मध्ये पाच-पाच वर्षांचे वयोगट, आणि सी-१५ मध्ये धर्मानुसार वयोगट मिळतात. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी सी-१४ चे स्वतंत्र भाग आहेत. स्थलांतराचे तक्ते "डी" मालिकेत आहेत. जन्म-मृत्यूंच्या नोंदणीचे वार्षिक आकडे राज्याच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाकडे मिळतात. उतरवून घेतलेल्या फाइलची मूळ प्रत तशीच ठेवून काम दुसऱ्या प्रतीवर करावे, आणि "वय सांगितले नाही" ही ओळ पुसून न टाकता वेगळी ठेवावी.

वयोगटांच्या कडा जुळतात की नाही तेही इथेच पाहावे. बालकांचा प्रसिद्ध आकडा ० ते ६ वर्षांचा, म्हणजे सात वर्षांचा असतो. सी-१४ मधील पहिला गट ० ते ४ असा पाच वर्षांचा असतो. दोन्ही "लहान मुले" म्हणून एका ओळीत मांडले की पुढचे सगळे गणित बिघडते. ज्येष्ठांच्या बाबतीतही आपल्याकडे कायदा ६० वर्षांपासून मोजतो, तर आंतरराष्ट्रीय तक्ते बहुधा ६५ पासून. शिवाय लिंग-गुणोत्तर आपण दर हजार पुरुषांमागे स्त्रिया असे सांगतो, तर बाहेर ते दर शंभर स्त्रियांमागे पुरुष असे सांगतात. गोव्याचे ९७३ तिकडे १०२.७ होते. कोणी १०२.७ वाचून "स्त्रिया जास्त" असे लिहिले, तर चूक आकड्याची नसून वाचणाऱ्याची.

चौथी पायरी: वय खरे सांगितले आहे का

घरोघरी जाऊन वय विचारणाऱ्याला एक अनुभव ठरलेला असतो. सोप्यावर बसून शेंगा सोलणारी आजी वय विचारल्यावर हसते आणि म्हणते, "असेन सत्तर-पंचाहत्तर." प्रगणक पेन टेकवून थांबतो. मग तोच विचारतो, "गोवा मुक्त झाला तेव्हा शाळेत जात होता का?" आजी आठवते, सांगते की त्या वर्षी ती तिसरीत होती, आणि डिसेंबर १९६१ पासून मागे मोजत वय ठरते. जिथे प्रगणकाने इतकी खटपट केली नाही, तिथे सत्तर किंवा पंचाहत्तर यांपैकी एक आकडा लिहिला जातो. म्हणूनच सी-१३ चा आलेख काढला की ३०, ३५, ४०, ४५, ६० अशा वयांवर उंच सुळके आणि ३९, ४१, ५९, ६१ वर खड्डे दिसतात.

हा दोष मोजण्यासाठी व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांतील लोकांपैकी ज्यांचे वय ० किंवा ५ ने संपते त्यांची बेरीज घ्यावी, तिला ५ ने गुणावे, २३ ते ६२ च्या एकूण संख्येने भागावे आणि १०० ने गुणावे. सगळ्यांनी वय अचूक सांगितले असेल तर उत्तर १०० च्या आसपास येते. सगळ्यांनीच ० किंवा ५ वर संपणारे वय सांगितले असेल तर ५००. संयुक्त राष्ट्रांच्या प्रचलित निकषानुसार १०५ च्या आत आकडे अतिशय अचूक, १२५ ते १७५ मध्ये ढोबळ आणि त्यापुढे फारच ढोबळ समजले जातात. हा निर्देशांक दोन्ही गटांसाठी, आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगवेगळा, काढणे आवश्यक आहे. एका गटाचा ११० आणि दुसऱ्याचा १८० आला, तर एकेका वर्षाच्या वयाची तुलना सोडून द्यावी आणि रुंद वयोगटांवर समाधान मानावे.

पाचवी पायरी: गुणोत्तर वयानुसार फोडा

सगळ्या कामाचा गाभा हा आहे, म्हणून इथे घाई नको.

२०११ मध्ये गोव्यात ० ते ६ वयाचे ७४,४६० मुलगे आणि ७०,१५१ मुली होत्या. गुणोत्तर ९४२. निसर्गतः साधारण १०५ मुलग्यांमागे १०० मुली जन्मतात, म्हणजे हजारामागे सुमारे ९५२. तेव्हा ९४२ हे त्याच्या जवळचे आहे, थोडे खालचे आहे. आता एकूण आकड्यांतून ही बालके वजा केली, तर सात वर्षांवरील ६,६४,६८० पुरुष आणि ६,४९,२५४ स्त्रिया उरतात, गुणोत्तर ९७७. पुढे सी-१४ वरून प्रत्येक पाच वर्षांच्या गटाचे गुणोत्तर काढून त्यांची एक रेषा आखावी. ती रेषा तीन भागांत वाचायची असते. डावीकडचा बालवयाचा भाग जन्म आणि मुलींची जपणूक यांबद्दल बोलतो. मधला, सुमारे २० ते ५० चा भाग बहुतांशी स्थलांतराबद्दल बोलतो. उजवीकडचा भाग आयुर्मानाबद्दल बोलतो. स्त्रिया जास्त जगतात म्हणून तिथे रेषा वर चढते.

हे ध्यानात घेतले की गोव्याचा अर्धशतकाचा प्रवास निराळा दिसू लागतो. १९६० च्या पोर्तुगीज गणनेत इथे हजार पुरुषांमागे १०६६ स्त्रिया होत्या. त्या काळचे गोवेकर पुरुष मुंबईत, गावाच्या नावाने चालणाऱ्या कूडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासांत, राहून नोकऱ्या करत, बोटींवर जात, आफ्रिकेत जात. घरी बायका आणि म्हातारी माणसे उरत. मुक्तीनंतर ओघ उलटा झाला. १९६० ची ५,८९,९९७ लोकसंख्या १९७१ मध्ये ७,९५,१२० झाली आणि गुणोत्तर ९८१ वर आले. २००१ पर्यंत ते ९६१ झाले. खाणी, बंदर, सरकारी कचेऱ्या आणि नंतर पर्यटन यांसाठी बाहेरून प्रामुख्याने पुरुष आले, हे या घसरणीचे मोठे कारण आहे. केवळ १०६६ आणि ९६१ हे दोन आकडे पाहून "गोव्यात मुलींचा छळ वाढला" असा निष्कर्ष काढणे जितके सोपे, तितकेच निराधार. बालवयाच्या गुणोत्तराची काळजी करावी, जरूर करावी; पण ती बालवयाच्या आकड्यावरून करावी.

दोन जिल्ह्यांच्या तुलनेलाही हीच कसोटी लावावी. २०११ मध्ये उत्तर गोव्यात ९६३ आणि दक्षिण गोव्यात ९८६ असे गुणोत्तर होते. हा फरक कोणत्या वयात आहे, याचे उत्तर मिळेपर्यंत त्यावर वाक्य लिहू नये. जाता जाता, या दोहोंची सरळ सरासरी ९७४.५ येते, ९७३ नव्हे. गुणोत्तरांची सरासरी काढताना प्रत्येकाला त्या जिल्ह्यातील पुरुषांच्या संख्येचे वजन द्यावे लागते.

सहावी पायरी: मनोरा उभारा

लोकसंख्येचा मनोरा म्हणजे पाठीला पाठ लावून काढलेले दोन आडवे स्तंभालेख: डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया, खाली बालके, वर वृद्ध. एक्सेलमध्ये पुरुषांचे आकडे उणे करून घेतले की तो आपोआप तयार होतो. गटांचा आकार वेगळा असल्याने संख्यांऐवजी टक्के घ्यायचे, आणि छेद म्हणून गटाची एकूण लोकसंख्या, म्हणजे स्त्री-पुरुषांची बेरीज, घ्यायची. पुरुषांचे टक्के पुरुषांच्या बेरजेवर आणि स्त्रियांचे स्त्रियांच्या बेरजेवर काढले, तर दोन्ही बाजू शंभराच्या होतात आणि जे दाखवायचे तेच, म्हणजे स्त्री-पुरुषांतील तफावत, चित्रातून नाहीसे होते. ही चूक छापील अहवालांतही मी पाहिली आहे.

गोव्याच्या मनोऱ्याचा पाया अरुंद आहे: २०११ मध्ये ० ते ६ ची बालके लोकसंख्येच्या ९.९ टक्के होती, देशात ती १३.६ टक्के. माथा रुंद आहे: ६० वर्षांवरील ११.२ टक्के, देशात ८.६. मधल्या पट्ट्यांतील फुगवटा इथलाच किती आणि बाहेरून आलेला किती, हे कळण्यासाठी सी-१४ सोबत स्थलांतराचे तक्ते उघडावे लागतात.

सातवी पायरी: फरक एका आकड्यात मांडा

दोन मनोरे शेजारी ठेवून "बराच फरक दिसतो" असे लिहिणे पुरेसे नाही. समजण्यापुरती दोन काल्पनिक वस्त्यांची आकडेवारी घेऊ. जुन्या वाड्यावर ० ते १४ वयाचे २० टक्के, १५ ते ३९ चे ३८, ४० ते ५९ चे २७ आणि ६० वरील १५ टक्के लोक आहेत. कामगार वस्तीत हेच प्रमाण २४, ५६, १६ आणि ४ आहे. प्रत्येक गटातील फरक चिन्ह न पाहता घ्यावा: ४, १८, ११, ११. बेरीज ४४, तिची निम्मी २२. याचा अर्थ, एका वस्तीतील २२ टक्के माणसांचे वयोगट बदलले तरच तिची रचना दुसरीसारखी होईल. याला विषमता निर्देशांक म्हणतात. याच आकड्यांवरून अवलंबन-गुणोत्तर, म्हणजे कामाच्या वयाच्या दर शंभर माणसांमागे बालके आणि वृद्ध किती, तेही निघते: वाड्यावर ५४, वस्तीत ३९. मात्र वस्तीतील कामगाराची मुले आणि आईवडील गावाकडे, दुसऱ्या राज्याच्या तक्त्यात आहेत, हे ३९ हा आकडा सांगत नाही. त्याच्या पगारावर अवलंबून असणारी माणसे कमी आहेत असे यावरून म्हणता येणार नाही.

वयरचना वेगळी असलेल्या गटांची साक्षरता, रोजगार किंवा मृत्युदर ताडताना प्रमाणीकरण करावे लागते, म्हणजे दोन्ही गटांना एकच वयरचना देऊन आकडा पुन्हा काढावा लागतो. आणखी एक काल्पनिक उदाहरण: गट अ मध्ये ३०० तरुण असून ९५ टक्के साक्षर, ७०० प्रौढ असून ७५ टक्के साक्षर, एकूण ८१ टक्के. गट ब मध्ये ७०० तरुण असून ९० टक्के साक्षर, ३०० प्रौढ असून ७० टक्के साक्षर. एकूण ८४ टक्के. म्हणजे ब गट प्रत्येक वयात पाच टक्क्यांनी मागे असूनही बेरजेत पुढे दिसतो, केवळ त्यात तरुण जास्त आहेत म्हणून. दोघांनाही ५०० तरुण आणि ५०० प्रौढ अशी एकच रचना दिली की अ चे ८५ आणि ब चे ८० होतात. प्रमाण म्हणून कोणती रचना घेतली ते मात्र सांगावे. गोव्यातील गटांसाठी संपूर्ण राज्याची रचना घेणे सोयीचे असते.

आठवी पायरी: लहान संख्यांपुढे थांबा

गोवा लहान, त्याच्या पंचायती त्याहून लहान. समजा एका पंचायतीत ० ते ६ ची ४०० बालके आहेत. निसर्गाच्या हिशेबाने त्यांत सुमारे १९५ मुली असाव्यात, पण नशिबाच्या खेळाने हा आकडा २० ने इकडे किंवा तिकडे सहज होऊ शकतो. १७५ मुली असल्या तर गुणोत्तर ७७८ होते, २१५ असल्या तर ११६२. कोणी काही गैर केलेले नसताना एक पंचायत बदनाम होते आणि दुसरीचा सत्कार होतो. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातील मागील पाच वर्षांच्या जन्मांचे लिंग-गुणोत्तर ८३८ आले, तेव्हा मोठी खळबळ उडाली; पण राज्याच्या नमुन्यात सुमारे १,९०० कुटुंबे होती आणि त्यांतले पाच वर्षांतले जन्म काही शेच. तो आकडा दुर्लक्ष करण्याजोगा आहे असे माझे म्हणणे नाही. तो जन्मनोंदणीच्या अनेक वर्षांच्या आकड्यांशी पडताळून पाहण्याचा इशारा आहे. पंचायत पातळीवर काम करायचेच असेल, तर पाच-सहा शेजारच्या पंचायती किंवा सलग पाच वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात.

शेवटची पायरी: पुढच्या जनगणनेची तयारी

२०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. तिचे तक्ते येतील तेव्हा २०११ शी तुलना करण्याची घाई सगळ्यांनाच होईल. त्यासाठी आजच करून ठेवण्यासारखे एक काम आहे. २०११ च्या तक्त्यांत गोव्याचे तालुके ११ आहेत. धारबांदोडा हा तालुका त्यांत नाही, कारण तो मुख्यतः सांगे तालुक्यातील गावे वेगळी काढून नंतर झाला. नव्या तक्त्यातील सांगे आणि जुन्या तक्त्यातील सांगे हे एकाच नावाचे दोन वेगळे प्रदेश असतील. म्हणून २०११ ची गावनिहाय फाइल उघडून प्रत्येक गावापुढे त्याचा आजचा तालुका लिहिलेला एक नवा रकाना घालावा आणि ज्या पंचायती मधल्या काळात शहरी गणल्या गेल्या त्यांच्यापुढे खूण करावी. गावनिहाय फाइलमध्ये पाच-पाच वर्षांचे वयोगट नसतात, फक्त एकूण आणि ० ते ६ चे आकडे असतात. त्यामुळे तालुक्यांच्या नव्या सीमांवर बालवयाचे आणि सात वर्षांवरील असे दोनच गुणोत्तर जुन्या वर्षासाठी काढता येतील, आणि पूर्ण मनोऱ्याची तुलना सीमा न बदललेल्या तालुक्यांपुरती किंवा संपूर्ण राज्यापुरतीच ठेवावी लागेल.